बकुळाबाईंचा खोकला

“दागिने काढा, पिना काढा… आता काय कातडी उतरवून देऊ?” हिरव्या झग्याच्या नाड्या बांधत बकुळाबाई पुटपुटल्या.

पडद्याच्या पलीकडे हातभर अंतरावर त्यांचे यजमान केसरीनाथ तरे उभे होते. ओंजळीत मंगळसूत्र, बांगड्या आणि पदराच्या पिना, जणू देवळात तीर्थाला हात पुढे केलाय. त्यांना सगळं स्पष्ट ऐकू आलं. पण जन्मभर पाणी खात्यात कारकुनी केलेल्या माणसाला तक्रार ऐकून न ऐकल्यासारखं करणं जमतं.

“मावशी, जोडवी राहू द्या,” एक्स-रे काढणारी दिशा म्हणाली. “पायाचा फोटो नाही काढायचा.”

“मग आधी सांगायचं ना. वाकून वाकून कंबर गेली माझी.”

बकुळाबाई छाती मशीनला टेकवून उभ्या राहिल्या. श्वास घ्या, धरा, सोडा, सगळं झालं. दिशानं कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग बकुळाबाईंकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे.

“गळ्यातलं काहीतरी राहिलंय, मावशी.”

“काही नाही राहिलं. यांच्या हातात बघ, अख्खं दुकान आहे.”

“मग आत कुठे पिन असेल. काही बायका रुमाल टाचून ठेवतात.”

“मी नाही टाचत.”

पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच. दिशानं झग्यावरून हात फिरवून पाहिला, वेणी झटकून पाहिली, कानामागेही बघितलं.

“हे बघा, एवढुसं चकाकतंय उजव्या बाजूला. काही ठेवलं असेल तर सांगून टाका. आम्ही काही घेणार नाही तुमचं.”

“अगं, मी काय लपवून आणलंय होय?”

“तसं कुठं म्हणाले मी? पण वस्तू काय आपोआप आत जाणारेय का?”

बकुळाबाईंना ठसका लागला. हे वाक्य त्यांनी आधी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे, ते मात्र पटकन आठवेना.

आता खोकला ही भिवंडीत काही दवाखान्यात न्यायची गोष्ट नाही. तऱ्यांच्या घरामागे लूमचा कारखाना, पुढे ट्रकांचा रस्ता. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी कापसाची रुई बसते. गल्लीत म्हातारे खोकतात, मास्तर खोकतात, किराणावाला सुट्टे देताना खोकतो, आणि कुणी खोकला नाही तर ‘बाहेरगावचे वाटतं’ असं म्हणतात. त्यामुळे बकुळाबाई बारा-तेरा वर्षं खोकत होत्या तरी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. खुद्द त्यांनाही नाही.

उलट त्यांनी त्या खोकल्याला कामाला लावलं होतं. आखूड खोकला म्हणजे केसरीनाथांनी विषय बदलावा. दोनदा खोकला म्हणजे पाहुण्यांनी आता उठावं. आणि एक खोकला होता लांब, कोरडा, शेवटी ‘हं’ असलेला. तो फक्त धाकट्या जावेचं, विद्युल्लतेचं नाव निघालं की यायचा. तो आला की घरातले सगळे एकमेकांकडे बघत आणि चहाचे कप उचलायला लागत.

हा लांब खोकला त्यांच्या मुलाच्या साखरपुड्यात आला आणि घोटाळा झाला. गंधारच्या होणाऱ्या सासूनं, रीमाताईंनी, सहज विचारलं, “तुमच्या धाकट्या जाऊबाई दिसत नाहीत?” झालं. बकुळाबाईंनी नेहमीप्रमाणे उत्तर द्यायला सुरुवात केली, पण या खेपेला उत्तर संपेचना. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, फोटोवाला थांबून राहिला, तरी बकुळाबाईंचं चालूच. शेवटी त्यांना खुर्चीवर बसवून पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. आठवड्याभरानं रीमाताईंचा फोन आला. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “एकदा छातीचा फोटो काढून घ्या ना. आमची सई त्या घरात येणार, म्हणून आपलं काळजीनं बोलले हो.”

टीबी हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही, आणि बकुळाबाईंना तो फोन ठेवल्यावरही कानात ऐकू येत राहिला. लाजेनं त्यांनी ते गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. भिवंडीतला एक्स-रे म्हणजे संध्याकाळपर्यंत भाजीवालीला रिपोर्ट माहीत. म्हणून नवराबायको रिक्षा करून लांब कशेळीला आले होते.

छातीचे डॉक्टर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकदम खूश झाले.

“टीबीबिबी काही नाही. पण उजव्या बाजूला श्वासाच्या नळीत एक वस्तू बसलीय बघा. आरामात बसलीय, पाहुण्यासारखी. खाली फिरकी, वरती फुलासारखं. तुमचं नाकातलं काही हरवलं होतं का कधी?”

केसरीनाथ पुढे झुकले. “अगं, ही तर तुझी आईकडची च—”

बकुळाबाई आखूड खोकल्या. केसरीनाथांनी विषय बदलला. “पाऊस यंदा बरा आहे नाही, डॉक्टर?”

पण डॉक्टरांना बाराही महिने छातीचाच विषय. “झोपेत फिरकी सैल होते, दागिना घशात घरंगळतो, श्वासाबरोबर आत. त्या वेळी एखादा जोरात ठसका लागतो, मग सगळं शांत. आठवतं का असं काही?”

“नाही,” बकुळाबाई म्हणाल्या.

आणि तेव्हाच त्यांना सगळं आठवलं.

गणपतीचे दिवस होते. दोघे भाऊ तेव्हा एकाच घरात राहत. गौरी जेवल्या, बायका दमून एका ओळीत सतरंजीवर आडव्या झाल्या. बकुळाबाई, शेजारी विद्युल्लता, पलीकडे नणंद हिराआक्का. मध्येच बकुळाबाई ठसका लागून उठल्या होत्या. विद्युल्लता झोपेतून धडपडत उठली, तांब्या आणला, पाठ चोळली आणि म्हणाली, “वहिनी, हळू. मी आहे.” सकाळी बघतात तर नाक मोकळं. आईनं दिलेली लाल खड्यांची चमकी गेली होती.

घर झाडून झालं, सतरंज्या झटकून झाल्या, निर्माल्यसुद्धा चिवडून झालं. तेव्हा बकुळाबाई म्हणाल्या होत्या, “वस्तू काय आपोआप जाणारेय का?” कुणाचं नाव घेतलं नव्हतं. फक्त ज्या बाजूला विद्युल्लता झोपली होती त्या बाजूच्या उशीकडे एकदा बघितलं होतं.

बास. तेवढ्यावर भागलं. कुणी काही म्हणालं नाही, त्यामुळे कुणी काही नाकारलंही नाही. पुढं दिवाळीत विद्युल्लतेनं नाक टोचून पांढऱ्या खड्यांची चमकी घातली, तेव्हा हिराआक्का कानात म्हणाल्या, “खडं काय, बदलता येतान.” बकुळाबाई खोकल्या. त्या दिवाळीपासून तो लांब खोकला सुरू झाला. वर्षाच्या आत धाकटा दीर नरेंद्र बायकोला घेऊन काल्हेरच्या नव्या बिल्डिंगीत राहायला गेला. ‘गोडाऊन जवळ पडतं’ हे कारण सगळ्यांनी आनंदानं मान्य केलं.

“दुर्बीण घालून काढून टाकू,” डॉक्टर म्हणाले. “ठाण्याच्या हॉस्पिटलात मी स्वतः करतो. फार छान केस आहे.”

छान! बकुळाबाईंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जिना उतरताना त्यांनी केसरीनाथांचा दंड धरला. “हे कुणाला सांगायचं नाही. गंधारला नाही, कुणाला नाही.”

“पण विद्युल्लतेला तरी…”

“तिला तर मुळीच नाही! तिला काय सांगणार? तुला आम्ही असं असं समजत होतो, पण तू तशी नाहीस, असं? तिला बिचारीला कदाचित ठाऊकही नसेल.”

हा मुद्दा केसरीनाथांनाही बिनतोड वाटला. जिला आळ घेतलेला माहीतच नाही तिच्यावरचा आळ काढायचा, तर आधी तो घ्यावा लागणार. 

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नरेंद्र भेटला. गोडाऊनमधल्या माणसांचे रिपोर्ट न्यायला आला होता. वहिनीचे डोळे लाल, भावाच्या हातात मोठं पिवळं पाकीट, हे बघून तो घाबरला.

“काय झालं, वहिनी?”

तोंडातून काहीतरी निघायला हवं होतं. निघालं ते असं, “छातीत काहीतरी निघालंय. काढावं लागेल.”

एकही अक्षर खोटं नव्हतं. पण ‘छातीत काहीतरी’ याचा अर्थ लावायला आपल्याकडे कुणी डॉक्टरकडे जात नाही. नरेंद्रनं खाली बघितलं, दादाचा हात दाबला आणि गोडाऊनला पोचायच्या आत बहिणीला फोन केला. हिराआक्कांनी बाकीच्यांना.

दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं यायला लागली. ‘कॅन्सर’ कुणीच म्हणेना. “ते निघालंय म्हणं,” “त्यातलंच ना?” “हल्ली त्यावर औषधं आहेत हो.” नारळपाणी आलं, डाळिंबं आली. भजनीमंडळानं एक सबंध शनिवार बकुळाबाईंच्या नावे लावला. गल्लीत जिच्याशी नळावरून भांडण होतं त्या शेजारणीनं आपणहून बादली मागे घेतली. रीमाताई तर दारातच रडल्या. “मी त्या फोटोचं बोलले, माझी जीभ झडो. सई म्हणते, लग्न आधी करू. तुम्ही डोळ्यांनी बघायला हवं.”

“बघीन की. मला काय धाड भरलीय?” बकुळाबाई म्हणाल्या.

“किती धीराच्या आहेत!” रीमाताई आणखीच रडल्या.

खरं सांगायचं तर बकुळाबाईंना तो आजार सोयीचा वाटला होता. त्यात मान होता. गंधार, जो कधी पाण्याचा ग्लास हातानं घेत नसे, तो आईचे पाय चेपायला बसत होता. त्याच्या हाताखाली पाय कसे आखडून घ्यावेत ते बकुळाबाईंना कळत नव्हतं.

“आई, खूप दुखतं का गं?”

“नाही रे बाबा.”

“खरं सांग.”

खरं! त्या भिंतीकडे वळून खोकल्या.

एकदा धीर करून त्यांनी काल्हेरला फोन लावला. तेवढा नंबर पाठ होता, कधी लावला नव्हता तरी.

“विद्युल्लता…”

“बोला, वहिनी.”

“मी काय म्हणत होते…” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “तुमच्याकडं पाणी येतं ना गं वेळेवर?”

“येतं की. भावोजींना सांगा, काळजी करू नका.”

“बरं बरं.” आणि ठेवून दिला.

त्याच रविवारी विद्युल्लता आली. मुख्य म्हणजे एकटी आली आणि नेमकी सगळी बसलेली असताना. हिराआक्का सोफ्यावर पाय घेऊन, रीमाताई आणि सई दिवाणावर, गंधार आईच्या उशाशी. विद्युल्लता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात शिरावं तशी सरळ आत आली, डबा टीपॉयवर ठेवला आणि बकुळाबाईंच्या पायाशी बसली. इतक्या वर्षांत केस बरेच पांढरे झाले होते. नाक रिकामं होतं.

“वहिनी, झालं गेलं मनात ठेवू नका. माझं काही चुकलं असेल तर माफ करा.”

“अगं, तुझं काय…” बकुळाबाई म्हणाल्या.

विद्युल्लतेनं पर्समधून कागदाची पुडी काढली. उलगडली. आत तिची पांढऱ्या खड्यांची चमकी होती.

“ही घ्या. तुमच्या आईची गेली तेव्हापासून तुमचं नाक मी मोकळंच बघत आले. मला ही घालायला कधी बरं वाटलं नाही. गंधारच्या लग्नात तुम्ही ही घाला. एवढं ऐका माझं.”

हिराआक्कांनी रीमाताईंच्या मांडीला हळूच बोट लावलं आणि त्यांच्या कानाशी अशी कुजबुज केली की स्वयंपाकघरातल्या केसरीनाथांनाही ऐकू आली.

“दिली बाय परत! उशिरा का हुईना. देव हाय.”

रीमाताईंना मागचं काहीच माहीत नव्हतं, ते आता माहीत झालं. त्यांनी ‘असं होय’ अशा नजरेनं विद्युल्लतेकडे बघितलं. सईनंही बघितलं. उद्या घरात येणाऱ्या सुनेच्या डोळ्यात काकूची ओळख या एका नजरेत पक्की झाली, हे बकुळाबाईंनी प्रत्यक्ष पाहिलं.

बोलायला हवं होतं. आत्ता, याच क्षणी. बकुळाबाईंनी तोंड उघडलं आणि आतून शब्दाऐवजी तोच आला, लांब, कोरडा, शेवटी ‘हं’ असलेला. या वेळी त्या मुद्दाम खोकल्या नव्हत्या. पण हे कोण मानणार? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि चहाचे कप उचलले.

“पाणी आणा कुणी,” विद्युल्लता म्हणाली. ती बकुळाबाईंची पाठ चोळू लागली. “हळू, वहिनी. मी आहे.”

ती गेल्यावर बकुळाबाईंनी पुडी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. संध्याकाळी दिवा लावायला गेल्या तर ती चमकत होती. इतक्या वर्षांनी या घरात खरोखरच दुसऱ्या बाईची चमकी आली होती, आणि ती ठेवून घेतली होती बकुळाबाईंनी.

“अहो,” त्या जेवताना म्हणाल्या, “डॉक्टरांना सांगून ठेवा. बाहेर आल्यावर वस्तूबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नुसतं ‘काढलं’ म्हणायचं.”

“आणि मग?”

“मग मी बघीन. माझं मी सांगेन तिला. सवडीनं.”

केसरीनाथांनी भात कालवला. “सवडीनं म्हणजे गंधारला मुलं झाल्यावर का?”

तो माणूस असं क्वचित बोलायचा. बकुळाबाई जेवण तसंच टाकून उठल्या.

ठाण्याच्या हॉस्पिटलात केसरीनाथांनी आपलं काम चोख करायचं ठरवलं. पण डॉक्टरांना सरळ ‘तोंड बंद ठेवा’ कसं म्हणायचं? ते भरतीच्या वेळी जाऊन म्हणाले, “साहेब, ते वस्तूचं जरा…” डॉक्टर म्हणाले, “हो हो.” मग चहाच्या वेळी म्हणाले, “साहेब, त्या वस्तूकडे लक्ष असू द्या.” डॉक्टर म्हणाले, “अहो, आहे.” बकुळाबाईंना आत नेताना त्यांनी डॉक्टरांची बाहीच धरली. “वस्तूचं विसरू नका हं, साहेब.” डॉक्टरांचा चेहरा जरा बदलला. “तुम्ही निश्चिंत राहा, तरेसाहेब,” ते म्हणाले.

दुर्बीण घालून वस्तू काढायला फार वेळ लागला नाही. दुपारी बकुळाबाई वॉर्डातल्या कॉटवर उठून बसल्या तेव्हा घसा चांगलाच बसला होता, पण छाती हलकी होती. इतकी हलकी, की आपली नव्हेच असं वाटावं. एका वेळी एकच माणूस, असा नियम भिंतीवर लावला होता. त्या नियमाखाली केसरीनाथ, हिराआक्का, नरेंद्र, गंधार, सई, रीमाताई आणि पायथ्याशी विद्युल्लता असे सगळे उभे होते. सगळ्यांचे चेहरे मयतीला आल्यासारखे.

डॉक्टर आले. हातात झाकणाची छोटी बाटली.

“अभिनंदन! गाठबिठ काही नाही, काही वाईट नाही. बाई ठणठणीत आहेत.”

रीमाताईंनी हात जोडले. गंधार मटकन कॉटवर बसला आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायलाच लागला. बकुळाबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याकडे बघितलं. केसरीनाथांनी मान हलवली. सगळं ठरल्याप्रमाणे.

“आणि ही घ्या तुमची वस्तू,” डॉक्टरांनी बाटली उंच धरली. आत लाल खडे लुकलुकले. “यजमान दिवसभर माझ्या मागे होते, वस्तूचं काय, वस्तूचं काय. म्हटलं, सगळ्यांच्या देखत हातात देऊ. सोन्याचा दागिना आहे. नंतर कुणा गरिबावर आळ नको.”

त्यांनी बाटली टीपॉयवर ठेवली, गंधारची पाठ थोपटली आणि पुढच्या पेशंटकडे निघून गेले.

सगळे बाटलीकडे बघत होते आणि बाटलीकडे बघतोय हे दुसऱ्याला दिसू नये म्हणून खिडकीकडे बघत होते. बकुळाबाईंना खोकावंसं वाटलं. त्यांनी प्रयत्नही केला. आत काही नव्हतंच. नुसती हवा बाहेर आली.

“येताना कशेळीजवळ केवढा ट्रॅफिक होता,” नरेंद्र म्हणाला.

“कंटेनर बंद पडला होता ना,” गंधार नाक पुसत म्हणाला.

“चहा सांगायचा का सगळ्यांना?” रीमाताई.

“मी आणतो!” केसरीनाथ इतक्या तत्परतेनं म्हणाले की शेजारच्या कॉटवरची बाई दचकली.

सगळ्यांचं छान चाललं होतं. असंच आणखी थोडा वेळ चाललं असतं तर चहा आला असता, डब्यातली शेव निघाली असती, आणि बाटली पर्समध्ये जाऊन हा विषय पुढच्या पिढीत मिटला असता. पण हिराआक्का बाटलीशी वाकल्या होत्या. त्यांना दूरचं दिसत नसे, जवळचं फार दिसे.

“ही तं वयनीची हाय. लाल खड्यांची.” त्या सरळ झाल्या. “मंग हिनं परत दिली ती कंची?”

“आक्का!” केसरीनाथ दारातून ओरडले.

“मी काय केलं? मी इचारतंय नुसती.”

विद्युल्लता पायथ्याशी कॉटचा दांडा धरून उभी होती. “परत?” ती म्हणाली. “परत म्हणजे काय, आक्का?”

हिराआक्कांना एकाएकी गुडघेदुखी आठवली. त्या स्टुलावर बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या. नरेंद्रनं मोबाईल काढला, तो बंद होता, तरी बघत राहिला. सई होणाऱ्या सासूकडे बघत होती. तिच्या नजरेत आता काकू नव्हती. तिला काहीतरी समजायला लागलं होतं आणि ते समजू नये असं तिलाही वाटत होतं.

केसरीनाथ परत आत आले, कॉटशी वाकले आणि हळूच म्हणाले, “घसा बसलाय तुझा. डॉक्टर म्हणालेत, बोलायचं नाही. आणि तिला काही माहीत नाही गं.”

दार उघडं होतं. बाहेर पडायला इतकी चांगली वाट बकुळाबाईंना आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. घसा बसलाय. डॉक्टर म्हणालेत.

त्यांनी बाटली उचलली. काचेतून चमकी किती लहान दिसत होती. एवढ्याशा जिनसेसाठी एका घराची दोन घरं झाली होती. पोटच्या पोरासारखा वाढवलेला पुतण्या कधी आला नाही, गंधारच्या दहावीचे पेढे काल्हेरला गेले नाहीत, आणि सासूबाई गेल्या तेव्हा या दोघी जावा ओसरीच्या दोन टोकांना बसून रडल्या होत्या.

“विद्युल्लता,” त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं आपल्या नवऱ्याला गप्प केलं. “तुला एक… तुझ्याकडं पाणी…”

“पाणी वेळेवर येतं, वहिनी,” विद्युल्लता म्हणाली. ती रागावली नव्हती, हसतही नव्हती. पाढा अडलेल्या मुलासमोर उभी राहावी तशी उभी होती. “तुम्ही म्हणा. इतकी वर्षं थांबले, अजून पाच मिनिटं थांबते.”

केसरीनाथांनी कॉटचा कठडा धरला. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून. त्या पांढऱ्या खड्यांची पुडी तिनं दिली तेव्हाही, आक्का काय समजतील आणि कोणाच्या कानात काय सांगतील, हे सगळं माहीत असून दिली होती.

बकुळाबाईंनी गंधारचं डोकं खांद्यावरून बाजूला केलं, पदर नीट घेतला आणि सगळ्यांच्या देखत, विहिणीच्या आणि होणाऱ्या सुनेच्या देखत, बसलेल्या घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढला.

“माझी चमकी माझ्याच छातीत होती, आणि मी तुला चोर समजत होते. नुसती समजत नव्हते गं. खोकून खोकून सगळ्यांना सांगत होते.”